‘ज्युरासिक पार्क’ पुन्हा मोठ्या पडद्यावर: इंदूरमधल्या एका खेळाची तयारी

जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर लावायचा म्हटलं, की बहुतेकांना वाटतं हॉल भाड्याने घ्यायचा, पेन ड्राइव्ह लावायचा आणि दिवे घालवायचे. इंदूरच्या आम्हा काही मराठी मंडळींनी ‘ज्युरासिक पार्क’चा खेळ लावला, तेव्हा खरा वेळ गेला तो परवानगी, फाइल, फाइलचं कुलूप, पडद्याचा आकार आणि आवाजाची पातळी यांत. दुसऱ्या कुणाला आपल्या आवडीचा चित्रपट असाच लावायचा असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळा क्रम लिहून ठेवत आहोत.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. स्टीव्हन स्पीलबर्गचा हा चित्रपट १९९३ साली आला आणि पुढच्या वर्षी हिंदीत डब होऊन भारतभर लागला. रीगल, मधुमिलन, सपना-संगीता या ज्या टॉकीजच्या नावांनी इंदूरमधले चौराहे आणि रस्ते आजही ओळखले जातात, त्या टॉकीजमध्ये सिनेमा पाहत वाढलेल्या पिढीचा हा चित्रपट. पण त्या काळातल्या एकपडदा टॉकीजमध्ये त्याचं निम्मं अंग पोचलंच नव्हतं. डीटीएस ही आवाजाची पद्धत याच चित्रपटाने जगापुढे आणली. तिच्यात फिल्मवर फक्त वेळेच्या खुणांची एक बारीक पट्टी असे आणि प्रत्यक्ष आवाज वेगळ्या सीडींवरून वाजे. ज्या टॉकीजमध्ये ते यंत्र नव्हतं, तिथे फिल्मच्या कडेचा ऑप्टिकल ट्रॅकच वाजायचा, आणि त्यावर ओरखड्यांची खरखर. प्रिंट गावोगाव फिरून झिजलेली, रीळ बदलताना उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका. गोष्ट सगळ्यांना कळली, डायनासोर सगळ्यांनी पाहिले. पण चित्रपट ज्या आवाजासाठी बांधला होता तो फार थोड्यांनी ऐकला. त्यामुळे आज हा खेळ नीट लावला तर लहानपणची आठवण जागी होतेच, शिवाय तेव्हा निसटलेलं हाती लागतं. आणि नीट लावला नाही तर घरचा टीव्ही बरा.

सुरुवात परवानगीपासून. हॉल मिळाला म्हणजे चित्रपट मिळाला, असं नाही. घरची ब्लू-रे किंवा ओटीटीचं खातं हे घरात बघण्यापुरतं असतं. हॉलमध्ये चारचौघांसमोर दाखवायचं तर, तिकीट लावा अथवा लावू नका, हक्क असणाऱ्यांची लेखी परवानगी लागते. मल्टिप्लेक्समध्ये सोपा मार्ग असा, की आपण थेट स्टुडिओच्या मागे लागायचं नाही. हॉलच्या व्यवस्थापकाला तारीख, अंदाजे प्रेक्षकसंख्या, तिकीट आहे की निमंत्रितांचा खेळ आहे आणि कोणती भाषा हवी, एवढं एका पानावर लिहून द्यायचं. ते पान मल्टिप्लेक्स साखळीच्या प्रोग्रॅमिंग विभागाकडे जातं आणि तिथून वितरकाकडे. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी लागावं. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रतही मागून घ्यावी. जुन्या प्रमाणपत्रांवर दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि ती पाहून लोक घाबरतात; २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने प्रमाणपत्र कायमस्वरूपी वैध केलं आहे.

हॉल निवडताना पहिला प्रश्न सर्व्हरचा, म्हणजे चित्रपटाची फाइल साठवून चालवणाऱ्या यंत्राचा. भारतातल्या पुष्कळ एकपडदा टॉकीज उपग्रहावरून येणाऱ्या ई-सिनेमा पद्धतीवर चालतात, आणि तिची फाइल वेगळ्या जातीची असते. हॉलिवूडच्या चित्रपटाची कुलूपबंद डीसीपी, म्हणजे थिएटरसाठी बनवलेली डिजिटल फाइल, डीसीआय-मान्य सर्व्हरवरच उघडते (डीसीआय हे हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेलं डिजिटल सिनेमाचं मानक). तेव्हा “इथे इंग्रजी सिनेमे लागतात का” असं न विचारता “सर्व्हर डीसीआय-मान्य आहे का, मेक आणि मॉडेल कोणतं” असं विचारावं. हे व्यवस्थापकाला सांगता येईलच असं नाही, बूथमधल्या ऑपरेटरला येतं. खरं तर या सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाचा माणूस ऑपरेटरच. त्याच्याशी आधीपासून बोलत राहिलं तर पुढच्या निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

दुसरा प्रश्न पडद्याच्या आकाराचा, आणि इथे बहुतेक आयोजक घसरतात. ‘ज्युरासिक पार्क’ची चौकट १.८५ ला १ आहे, म्हणजे ‘फ्लॅट’. आपल्याकडचे बरेच नवे पडदे ‘स्कोप’ आकाराचे, २.३९ ला १ असतात. अशा पडद्यावर फ्लॅट चित्रपट लावला की उंची तेवढीच राहते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या पडतात. पडदा १२ मीटर रुंद असेल तर स्कोपची उंची साधारण ५ मीटर, आणि त्यात बसणारं फ्लॅट चित्र जेमतेम ९.३ मीटर रुंद. तोच १२ मीटरचा पडदा फ्लॅट आकाराचा असेल तर चित्र साडेसहा मीटर उंच भरतं. म्हणजे स्कोप पडद्यावर आपल्याला मिळतं ते फ्लॅट पडद्यावरच्या चित्राच्या सुमारे ६० टक्के क्षेत्रफळ. ज्या चित्रपटात ब्रॅकिओसॉरस मागच्या पायांवर उभा राहून झाडाचा शेंडा खातो, त्याला उंचीच हवी. म्हणून त्या मल्टिप्लेक्समधला सर्वांत मोठा ऑडी, म्हणजे ऑडिटोरियम, न घेता फ्लॅट पडद्याचा ऑडी घ्यावा, जागा थोड्या कमी मिळाल्या तरी. कडेचे काळे पडदे, म्हणजे मास्किंग, मोटरवर सरकतात का तेही पाहावं. ते नसले किंवा अडकलेले असले तर मोकळी बाजू काळी न दिसता राखाडी चमकत राहते.

तिसरी गोष्ट उजेड. पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) हे प्रमाण आहे, म्हणजे ४८ कँडेला प्रति चौरस मीटर. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना झाला की हा आकडा सावकाश घसरतो आणि रोजच्या येण्याजाण्यात कुणाच्या लक्षात येत नाही. ‘ज्युरासिक पार्क’मधला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग रात्री, पावसात घडतो, दिवा मंद असेल तर तिथे नुसता काळोख दिसतो. त्याच कारणाने २०१३ ची थ्रीडी आवृत्ती टाळावी असं आमचं मत. मूळ चित्रण टूडीच आहे, खोली नंतर काढलेली आहे आणि थ्रीडीत पडद्यावर पोचणारा उजेड टूडीच्या निम्म्याहूनही खूप कमी होतो. ज्या ऑडीत थ्रीडी चालतं तिथे आणखी एक तपासायचं: टूडी खेळाच्या वेळी लेन्ससमोरचा पोलरायझर बाजूला केला आहे ना. तो तसाच राहिला तर चित्र विनाकारण मंद होतं आणि प्रेक्षकांना वाटतं जुना सिनेमा आहे, असाच असणार. थ्रीडीसाठी लावलेल्या चंदेरी रंगाच्या पडद्यावर मध्यभाग जास्त उजळ आणि कडा मंद दिसतात, तिथे कडेच्या जागा विकूच नयेत.

आता फाइल. डीसीपी हार्ड डिस्कवर येते किंवा हॉलच्या जाळ्यातून उतरवली जाते. चित्राचा वेग जास्तीत जास्त २५० मेगाबिट प्रति सेकंद धरला तर १२७ मिनिटांच्या चित्रपटाला २३८ जीबीपर्यंत जागा लागू शकते. प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी लागते. १५० जीबीची फाइल यूएसबी २ वरून सर्व्हरवर चढवायला तास-सव्वा तास सहज जातो, यूएसबी ३ वरून त्याच्या पाव-अर्ध्या वेळात काम होतं. हे काम खेळाच्या दिवशी करू नये. सर्व्हर चालू खेळाला प्राधान्य देतो, फाइल रांगेत थांबते, आणि आपला खेळ उभा राहतो तेव्हा ती अर्धवट असते.

फाइलचं लांबलचक नाव वाचता यायला हवं. त्यात ‘एफटीआर’ म्हणजे मुख्य चित्रपट, ‘टीएलआर’ म्हणजे ट्रेलर. त्यापुढे ‘एफ’ असेल तर फ्लॅट, ‘एस’ असेल तर स्कोप. ‘ईएन-एक्सएक्स’ म्हणजे इंग्रजी संवाद, उपशीर्षकं नाहीत. ‘५१’ म्हणजे आवाजाच्या सहा वाहिन्या. ‘ओव्ही’ म्हणजे मूळ पूर्ण आवृत्ती आणि ‘व्हीएफ’ म्हणजे त्यावर बसणारी पूरक आवृत्ती. हा शेवटचा फरक फार कामाचा. हिंदी आवृत्ती पुष्कळदा व्हीएफ म्हणून येते: तिच्यात फक्त हिंदी आवाज असतो, चित्र ओव्हीतून घेतलं जातं. सर्व्हरवर ओव्ही नसेल तर व्हीएफ दिसते पण चालत नाही. आणि दोन्हींचं कुलूप उघडणारी किल्ली वेगळी असते.

भाषेवरून गटात वाद होणार, तो आधीच करून घ्यावा. लहानपणी हिंदीत पाहिलेल्यांना हिंदीच हवं असतं आणि त्यात गैर काही नाही. डबिंग करताना संगीत आणि परिणामध्वनी यांचा ट्रॅक मूळचाच वापरतात, बदलतात ते संवाद. त्यामुळे डरकाळी, पाऊस, पावलं हिंदीतही तीच. मुलं आणि आजी-आजोबा मोठ्या संख्येने येणार असतील तर हिंदी मागावं. फक्त मोठी माणसं असतील तर इंग्रजी, कारण मूळ संवाद चित्रणाच्या वेळच्या श्वासांसकट आहेत आणि भेदरलेल्या मुलांचे आवाज डबिंगमध्ये हमखास सपाट होतात.

किल्ली म्हणजे केडीएम. ही छोटी एक्सएमएल फाइल ईमेलने येते आणि ती ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक आवृत्तीसाठी, ठरावीक वेळेपुरतीच चालते. खेळ बंद पडण्याची बहुतेक कारणं इथे सापडतात. ऐनवेळी ऑडी बदलला तर ऑडी तीनची किल्ली ऑडी पाचमध्ये लागत नाही. दुरुस्तीत सर्व्हरचा मीडिया ब्लॉक, म्हणजे फाइलचं कुलूप उघडणारा भाग, बदलला असेल तर त्याचं डिजिटल प्रमाणपत्रही बदलतं आणि वितरकाच्या नोंदीत जुनंच राहिलेलं असतं. किल्ली बरोबर दिसते, उघडत मात्र नाही. किल्लीची वेळ कोणत्या टाइमझोनमध्ये लिहिली आहे ते पाहावं, साडेपाच तासांच्या फरकाने सकाळचा खेळ अडकू शकतो. सर्व्हरचं सुरक्षित घड्याळ आपल्याला हवं तसं फिरवता येत नाही; वर्षाला सहा मिनिटांपर्यंतच दुरुस्ती चालते. आणि ती एक्सएमएल फाइल कुणी उत्सुकतेने उघडून ‘सेव्ह’ केली, तर आतली डिजिटल सही मोडते आणि किल्ली निकामी होते.

या सगळ्यावर उपाय एकच: किल्लीची मुदत मागतानाच खेळाच्या आदल्या सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंतची मागायची. वितरक सहसा फक्त खेळाच्या दिवसाची देतात, कारण आपण तेवढीच मागतो. आदल्या दिवशीची किल्ली नसेल तर तालीम करता येत नाही, आणि तालमीशिवाय आवाज लावता येत नाही.

तालीम शेवटचा खेळ सुटल्यावर, रात्री. पूर्ण चित्रपट पाहायची गरज नाही. साधारण तासाभरानंतर येणारा टी-रेक्सचा प्रसंग लावावा, त्या एका प्रसंगात हॉलची सगळी परीक्षा होते. इथे पार्श्वसंगीत अजिबात नाही. संगीतकार जॉन विल्यम्स असतानाही दिग्दर्शकाने तिथे फक्त पाऊस, पत्रा, तारा आणि प्राणी ठेवला, आणि आमच्या मते या चित्रपटातला सर्वांत धीट निर्णय हाच. संगीत नसल्यामुळे यंत्रणेतला प्रत्येक दोष उघडा पडतो. पाऊस चारही बाजूंनी ऐकू यायला हवा. एका बाजूचा सराउंड मुका असेल तर पाऊस अर्ध्या हॉलमध्येच पडतो. पहिला दूरचा धक्का कानाला कमी आणि खुर्चीच्या पाठीला जास्त जाणवायला हवा. तिथे सबवूफर भर्र करत असेल तर त्याचा कोन फाटला आहे किंवा जवळचा कुठला तरी पत्रा सैल आहे. मुलांचे संवाद पडद्याच्या मधूनच यायला हवेत.

मग फेडर, म्हणजे हॉलच्या आवाजाची पातळी ठरवणारी कळ. प्रमाण पातळी ७ वर असते, म्हणजे पडद्यामागच्या दर वाहिनीला ८५ डेसिबलच्या हिशेबाने जुळवलेली. आपल्याकडे बहुतेक हॉल ४.५ ते ५.५ वर चालतात, कारण जाहिराती आणि ट्रेलर फार मोठ्या आवाजात येतात, तक्रारी होतात, ऑपरेटर आवाज उतरवतो आणि मुख्य चित्रपट त्याच उतरलेल्या पातळीवर सुरू होतो. ५ वर म्हणजे प्रमाणापेक्षा साडेसहा डेसिबलहून थोडं जास्तच खाली. १९९३ च्या मिक्सिंगमध्ये हळू आवाज खरोखर हळू आहेत. ५ वर लावलं तर कुजबुज ऐकू येत नाही आणि डरकाळीत दम उरत नाही. आम्ही जाहिराती काढून टाकल्या आणि फेडर ६ ठेवला. लहान मुलं जास्त असतील तर ५.५. रिकाम्या हॉलमध्ये आवाज जास्त घुमतो, भरल्यावर माणसं आणि कपडे तो शोषतात, त्यामुळे तालमीत किंचित जास्त वाटला तरी तसाच राहू द्यावा.

मध्यंतराचं ठिकाण आपण ठरवून द्यायचं. दिलं नाही तर बरोबर अर्ध्या वेळेवर, वाक्याच्या मध्येच दिवे लागतात. न घेता चालवणं सर्वांत चांगलं, पण खाण्याच्या काउंटरचा हिशेब पाहता हॉल क्वचित तयार होतो. टी-रेक्सचा हल्ला, मग जीपचा पाठलाग, आणि त्यानंतर चित्रपटातले शास्त्रज्ञ ग्रँट व मुलं झाडावर चढतात, ब्रॅकिओसॉरसची हाक ऐकतात आणि झोपी जातात. त्या प्रसंगाच्या शेवटी थांबावं. ऑपरेटरला मिनिट-सेकंद लिहून द्यावं आणि प्लेलिस्टमध्ये ती खूण तालमीतच घालून घ्यावी.

जागांची वाटणी चित्राच्या रुंदीवरून. १२ मीटरच्या चित्राला बघणाऱ्याच्या डोळ्यापाशी ३६ अंशांचा कोन साडेअठरा मीटरवर मिळतो, ४५ अंशांचा साडेचौदा मीटरवर. या चित्रपटासाठी दुसरा आकडा धरावा. आपल्याकडे मागची रांग म्हणजे मानाची जागा असा समज आहे, तो या खेळापुरता बाजूला ठेवायला लोकांना पटवावं लागतं: “काका, आज जरा पुढे बसा, मजा येईल” म्हटलं की ऐकतात.

पुढे बसल्यावर काय दिसतं? डॅशबोर्डवरच्या पेल्यातलं पाणी. मध्यातून सुटणारी, एकात एक अशी नेमकी वर्तुळं. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकेल लँटिएरीने ती पेल्याखालून गिटारची तार नेऊन, ती छेडून मिळवली. घरच्या पडद्यावर पाणी हलतं एवढं कळतं, इथे वर्तुळाची कड दिसते. टॉर्चचा उजेड पडताच टी-रेक्सच्या डोळ्यातली बाहुली आकसते. तो डोळा यांत्रिक डायनासोर बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातल्या खऱ्याखुऱ्या यंत्राचा आहे. त्या यंत्राची फोमची कातडी कृत्रिम पावसात पाणी प्यायची, वजन वाढायचं आणि अख्खा टी-रेक्स थरथरू लागायचा, मग दोन शॉट्सच्या मध्ये त्याला टिपून कोरडं करावं लागे. पूर्ण चित्रपटात डायनासोर पाव तासाच्या आसपास दिसतात आणि त्यातला संगणकावर केलेला भाग जेमतेम सहा मिनिटांचा. डोकं, जबडा, डोळा जवळून दिसतात ते यंत्र. पूर्ण देह पळतो ते संगणकाचं काम. मोठ्या पडद्यावर हा सांधा शोधायचा प्रयत्न जरूर करावा, पावसामुळे तो कुठे लपवला आहे तेही कळतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेवर रॅप्टरच्या श्वासाची वाफ धरते. पुढे कंट्रोल रूममध्ये त्याच्या अंगावर डीएनएच्या चार अक्षरांच्या ओळी पडतात, त्या पुढच्या रांगांतून वाचता येतात. आणि डरकाळी: ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉमने ती हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांच्या आवाजांतून जुळवली. हे मुलांना आधी सांगितलं तर ती हत्तीचा आवाज बरोबर ओळखतात.

पडद्यावर बारीक दाणे हलताना दिसले तर तो दोष समजू नये. ३५ मिलिमीटर फिल्मचा तो पोत आहे. प्रोजेक्टर किंवा सर्व्हरमध्ये चित्र ‘गुळगुळीत’ करणारी सेटिंग कुणी चालू केली असेल तर बंद करून घ्यावी.

खेळाआधी पाच मिनिटं बोलायची असतील तर चित्रपटाची गोष्ट सांगू नये. इंदूरमध्ये सांगण्यासारखं याहून जवळचं आहे. शेजारच्या धार जिल्ह्यात बाघ-कुक्षी परिसरात डायनासोरची घरटी आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्मदेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, सगळी टायटॅनोसॉर गटाची, म्हणजे पडद्यावरच्या ब्रॅकिओसॉरससारख्या लांब मानेच्या शाकाहाऱ्यांची. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक शेतात सापडणारे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत होते, ती याच प्राण्यांची अश्मीभूत अंडी निघाली. चित्रपटातलं वेलोसिरॅप्टर खऱ्यापेक्षा बरंच मोठं दाखवलं आहे आणि खऱ्याच्या अंगावर पिसं होती, हेही सांगावं. मुलं चिडत नाहीत, उलट हॉलबाहेर आई-बाबांना तेच ऐकवतात.

शेवटची सूचना ऑपरेटरला: श्रेयनामावली सुरू झाली की दिवे आपोआप लागतात, ती खूण शेवटपर्यंत पुढे सरकवून घ्यावी, कारण विल्यम्सचं संगीत तिथे पूर्ण वाजतं. सफाईवाल्यांनाही तोवर दाराबाहेर थांबायला सांगावं. हार्ड डिस्क आली त्याच फोमच्या खोक्यात, पावती घेऊन, दुसऱ्याच दिवशी परत पाठवावी. सर्व्हरवरची प्रत ऑपरेटर पुसतो, पण वितरकाला त्याची लेखी कळवणी आपण करावी. पुढचा चित्रपट मागताना तेच पत्र कामी येतं.